सात विहिरी दाखवणारा बलभीम

विहिरीच्या तळाशी उभं राहून भरदुपारी वर बघितलं तर आभाळ केवढं दिसतं, हे मला बलभीमनं दाखवलं. भाकरीएवढं. "आबा, माझा जलम एवढ्याच आभाळाखाली गेला," म्हणायचा आणि दात काढायचा. समोरचे दोन दात सुरुंगाच्या दगडानं नेले होते, त्यामुळं हसला की अजूनच खुशीत दिसायचा.

जळकोटहून आत वळलं की आमचं गाव. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर दोन वर्षांनी भूमकडची एक टोळी विहिरी खांदायला आली, त्यात हा सतरा वर्षांचा. टोळी गेली, हा राहिला. इथलीच धुरपदाबाई केली. पुढं यारी घेतली, म्हणजे विहिरीतला दगड-मुरूम वर ओढायचं मशीन, आणि पोरगा रणधीर हाताशी आला. शिवारातल्या निम्म्या विहिरी तरी याच्या हाताखालून गेल्या असतील. खडकावर पहार आपटायचा, कान लावायचा, आणि पाणी किती हातांवर हे सांगायचा. चुकायचाही. चुकला की म्हणायचा, "पाणी हाय, पर लाजतंय."

नव्या विहिरीला पाणी लागलं की पहिली ओंजळ त्याची. मालक शेजारी उभा, हातात नारळ, आणि हा तोंडात पाणी घोळवत डोळे मिटून बसलेला. मग निकाल. "गोड हाय." "जरा खारं हाय, पर जनावर पिईल." एका मालकाला म्हणाला, "तुमच्या घरच्या चहापेक्षा बरं हाय." तो मालक म्हणजे मी.

त्याच विहिरीच्या काठावर, जेवणाच्या सुट्टीत, मी त्याला माझी कुत्र्याची गोष्ट सांगितली. गोष्ट अशी. मी नऊ वर्षांचा, तिसरीत. गुरुलिंग वाण्याच्या दुकानात मागच्या दारानं शिरलो आणि गुळाच्या ढेपेला हात घातला. वाण्याचा कुत्रा होता, नाव नबाब. त्यानं माझी पोटरी धरली. रक्त बघून वडिलांनी मला खांद्यावर घेतलं आणि थेट सात विहिरी दाखवायला निघाले. आमच्याकडं ती रीतच. कुत्रं चावलं की त्याच दिवशी सात विहिरींत डोकवायचं, प्रत्येकीत आपलं तोंड बघायचं. आपलं तोंड दिसलं तर सुटलो, कुत्र्याचं दिसलं तर संपलं. चार विहिरी नीट झाल्या. पाचवीत वाकलो तर पाण्यातून एक काळं तोंड माझ्याकडं बघतंय. मी असा बोंबललो की वडील आत पडता पडता राहिले. ते कासव होतं.

बलभीमच्या घशात भाकरी अडकली. तेव्हापासून नवी टोळी आली की मला बोलावणं यायचं. "आबा, यांना कासवाचं सांगा."

त्या गोष्टीनं त्याला एक काम चिकटलं. विहिरी त्याच्या पाठ, त्यामुळं कुणाला कुत्रं चावलं की लोक त्याच्या दारात. आधी गुरवाची, मग जोडविहीर, मग चिंचेखालची, असा क्रम त्यानंच लावला. कुणाकडून काही घेत नसे. हातातलं काम टाकून जायचा आणि येडबडलेल्या माणसाला वाटेत हसवून आणायचा. एवढ्या वर्षांत माणसं किती नेली याचा हिशेब नाही. सगळी जगली. एक तेवढा शंभुलिंग नावाचा गडी गेला, तर आम्ही म्हणालो, त्याची सहावी विहीर चुकली असणार.

परवाच्या नव्हे, त्याच्या आधीच्या चैत्रात बलभीमला कुत्रं चावलं. सकाळी यारीला ग्रीस लावत होता. अनोळखी कुत्रं रस्त्यानं आलं, ना भुंकलं ना गुरगुरलं, मनगटाच्या वर धरलं, मांस काढलं आणि हायवेकडं निघून गेलं. मी पोचलो तेव्हा धुरपदाबाईनं जखमेत तिखट आणि चुना भरून वर फडकं बांधलं होतं.

सून हर्षाली गावची आशा. घरोघरी फिरून लेकरांच्या लसी, बाळंतिणींची कार्डं, सगळं तिच्याकडं. ती मागनं पळतच आली. आल्या आल्या फडकं सोडलं आणि सासऱ्याचा हात नळाखाली धरला.

"मामा, साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं असतंय हे. तिखट कामून भरलं?"

"तिखटानं विष जळतंय," धुरपदाबाई म्हणाली.

"विष न्हाय ते. रेबीज हाय. गाडी काढायला सांगितलीय म्या. आज सुई, मग तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी..."

"पोटात चौदा सुया घेऊ का आता?" बलभीम म्हणाला. "म्हाताऱ्याच्या पोटाला जागा तरी राहिलीय का?"

"पोटात न्हाय, दंडात देतेत. त्या सुया गेल्या कवाच."

"आधी विहिरी. सुई उद्या."

"विहिरी उद्या बघा की. कुठं पळत न्हायत त्या."

"त्याच दिवशी बघाव्या लागत्यात, पोरी. एवढी माणसं नेली म्या. एक मेलं का?"

"शंभुलिंग मेला," हर्षाली म्हणाली. मग ती हळू आवाजात सांगायला लागली. कुत्रं चावलं की डॉक्टर कुत्र्यावर नजर ठेवायला सांगतात. दहा दिवस ते धडधाकट राहिलं तर ते पिसाळलेलं नव्हतं. मग विहिरी बघा, न्हाय तर सिनेमा बघा, माणूस जगतोच. पण या कुत्र्याचा पत्ता नाही, म्हणून सुई आजच. एवढं बोलून ती माझ्याकडं वळली. "आबा, तुमचं ऐकतेत ते. तुमी सांगा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. रणधीर, धुरपदाबाई, कुंपणावरून वाकलेले शेजारी. आणि बलभीम, ओला हात पुढं धरून, दात नसलेलं तोंड आधीच हसायच्या तयारीत.

मी गोष्ट सांगितली. गूळ, नबाब, वडिलांचा खांदा, कासव. त्या दिवशी ती इतकी रंगली की धुरपदाबाईनं पदर तोंडाला लावला. बलभीमच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बघ," तो सुनेला म्हणाला, "शहात्तर वर्षांचा पुरावा बसलाय तुझ्यापुढं."

हर्षाली हसली नाही. तिनं विचारलं, "आबा, तुमाला चावलेलं ते कुत्रं पुढं मेलं का हो?"

नबाब मेला नाही. पुढं चार वर्षं जगला. आमच्या दारात भाकरी खायचा, मला बघून शेपूट हलवायचा, म्हातारा होऊन वाण्याच्या ओट्यावर झोपेत गेला. मला हे पक्कं ठाऊक होतं. गोष्टीत मात्र मी ते कधी घेतलं नव्हतं. कासवानंतर नबाब आणला की गोष्टीचा रंग उतरतो.

"सदुसष्ट वर्षं झाली पोरी," मी म्हणालो. "कुणाला ध्यानात राहतंय."

ती नळ बंद करून आत गेली. रणधीर दोन्हीकडं बघत राहिला आणि शेवटी बापाच्या बाजूनं रिक्षा घेऊन आला.

तो दिवस आमचा लई मजेत गेला. हेच सांगायला जड जातं. गुरवाची विहीर कोरडी, जोडविहिरीत बोअर मारलेला, चिंचेखालच्या विहिरीत नुसता गाळ. तोंड दिसेल एवढं पाणी सात ठिकाणी मिळवायला आम्ही जळकोटच्या पलीकडपर्यंत हिंडलो. प्रत्येक विहिरीवर तो वाकायचा, आपलं तोंड बघायचा आणि त्या विहिरीची कुळकथा सांगायचा. एकीत म्हणाला, "आबा, कासव न्हाय बरं का." हायवेवरच्या सरकारी दवाखान्यावरून आम्ही दोनदा गेलो. एकदा जाताना, एकदा येताना. दार उघडं होतं.

सुईचा उद्या उगवला नाही. दुसऱ्या दिवशी एका विहिरीचं काम आलं, तिसऱ्या दिवशी जखम सुकली. हर्षालीनं दवाखान्याचा कागद त्याच्या खिशात ठेवायचा आणि त्यानं त्यात तंबाखू बांधायची. तिनं सासऱ्याशी बोलणं टाकलं. तो मला म्हणायचा, "नव्या पोरींना घाई लई."

सत्तेचाळीस दिवसांनी त्याच्या हाताला मुंग्या यायला लागल्या. दुसऱ्या दिवशी चहाचा घोट उतरेना. आम्हाला वाटलं, घसा बसला. धुरपदाबाई हळदीचं दूध करायला गेली. हर्षालीनं ओळखलं. तिनं तांब्याभर पाणी आणलं आणि लांबूनच दाखवलं. बलभीमची मान मागं फिरली, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि ज्या माणसानं एवढ्या विहिरींची पहिली ओंजळ प्यायली तो भिंतीला पाठ लावून "ने ते, ने ते" म्हणायला लागला. हर्षालीनं तांब्या खाली ठेवला आणि तिथंच बसली. आता सुईचा उपयोग नव्हता हे त्या घरात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

धाराशिवला नेलं. चार दिवस. वाऱ्याची झुळूकही सहन होईना म्हणून खिडक्या लावलेल्या. मधेच शुद्धीवर यायचा, तेव्हा अगदी पहिल्यासारखा. मला म्हणाला, "आबा, सात झाल्या होत्या ना?"

"झाल्या होत्या," मी म्हणालो.

"मग?"

मी त्याला नबाबचं सांगायला पाहिजे होतं. तेव्हाही नाही सांगितलं.

तेराव्याच्या आदल्या दिवशी मी हर्षालीला नबाबचं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं, आबा. तुमी सगळं ध्यानात ठेवता. गुळाची ढेप कुठल्या कोपऱ्यात होती ते सुद्धा सांगता." मला चहा मात्र दिला.

गेल्या महिन्यात खालच्या आळीच्या महादेवीला कुत्रं चावलं. बलभीम नाही, म्हणून तिच्या घरचे विहिरींचा क्रम विचारायला माझ्याकडं आले. मी तिच्या पायावर साबणाचं पाणी ओतायला लावलं, रिक्षात तिच्या शेजारी बसलो आणि रिक्षा दवाखान्याकडं वळवली. ती रडायला लागली. म्हणाली, आधी विहिरी. मग मी तिला गोष्ट सांगितली. कासवावर ती रडता रडता हसली. तशी सगळीच हसतात. मी थांबलो नाही. नबाबची चार वर्षं सांगितली, भाकरी सांगितली, वाण्याचा ओटा सांगितला. ती हसायची थांबली.

हायवे आला तशी तिनं डोळे पुसले.

"आबा," ती म्हणाली, "मग बलभीमअण्णांना हे कामून सांगितलं न्हाय तुमी?"

रिक्षावाल्यानंही आरशातून बघितलं.

"गोष्ट रंगली होती, बाई," मी म्हणालो.

दवाखान्याचं दार उघडंच होतं; मी तिला हात धरून खाली उतरवलं.