गोळ्यांची मंजुरी

पूर्णिमा मूळची परभणीकडची. लग्न होऊन बिबवेवाडीत आली, एका शाळेत कॉम्प्युटर शिकवू लागली, आणि त्याच वर्षी तिला धडधड सुरू झाली. शिकवता शिकवता छातीत घोडे उधळायचे, अंग घामाने निथळायचं, चेहरा पांढराफटक पडायचा. दहा मिनिटांत सगळं शांत. जवळच्या डॉक्टर बेहेऱ्यांकडे पोचेपर्यंत दाखवायला काहीच उरलेलं नसायचं.

"काळजी करणं हा तुमचा छंद दिसतो," ते म्हणायचे आणि झोपेची गोळी द्यायचे. हळूहळू नवरा शंभूही तेच म्हणू लागला. मग तिने सांगणंच सोडलं.

पाचव्या वर्षी, २०१० साली, ती वर्गातच कोसळली. मोठ्या इस्पितळात रक्तदाब निघाला दोनशे तीस. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत लिंबाएवढी गाठ होती, आणि दाब चढवणारा रस तीच रक्तात सोडत होती.

"गाठ काढू," सर्जन म्हणाले. "पण आधी दोन आठवडे दाब उतरवायच्या गोळ्या. पहिले चार दिवस इथेच, देखरेखीखाली. त्याशिवाय हात लावला तर टेबलावरच काहीही होऊ शकतं."

विमा कंपनीने इस्पितळातल्या उपचारांच्या खर्चाला मंजुरी नाकारली. बेहेऱ्यांच्या कागदावर 'पाच वर्षांपासून धडधड, घाम' असं होतं आणि पॉलिसी दोनच वर्षांची. म्हणजे आजार जुना, लपवलेला.

"अहो, मला जे कुणी सांगितलंच नाही, ते मी लपवू कसं?" पूर्णिमाने फोनवर विचारलं.

"मॅम, तसं डॉक्टरांचं लेटर लागेल."

त्याच संध्याकाळी घरी तिला पुन्हा धडधडीचा झटका आला. शंभूने तिचा हात धरला होता. तो गार, ओला हात सोडायचं त्याला सुचेना.

सकाळी दोघं बेहेऱ्यांकडे गेली. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"मग? मी काय करू?"

"लिहून द्या, की ही गाठ तुम्हाला कळली नव्हती."

"चाळीस वर्षं प्रॅक्टिस केलीय मी, बाई."

"आणि मी पाच वर्षं खोटी ठरलेय, डॉक्टर."

बराच वेळ ते पेनशी चाळा करत राहिले. मग लिहिलं, 'निदानात माझी चूक झाली. रुग्णास या आजाराची कल्पना नव्हती.' शिक्का मारला. कागद पुढे सरकवताना वर पाहिलं नाही.

मंजुरी यायला आणखी सहा दिवस गेले, आणि गोळ्या त्यानंतरच सुरू झाल्या. शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलावी लागली. गोळ्यांनी नाक चोंदायचं, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, पण दाब उतरला. टेबलावर तो दोनदा उसळला, आवरला, आणि गाठ निघाली.

पुढे शंभूने सुचवलं, "बेहेऱ्यांना एकदा भेटून येऊ. त्यांनी लिहिलं म्हणून झालं."

"तू जा," पूर्णिमा म्हणाली.

तो एकटाच गेला.