आमची वस्ती आज नकाशावर आली

मंडळी, आज जालन्यात डिजिटल नकाशाच्या कोर्सचा शेवटचा प्रोजेक्ट सादर केला. पास झाले. वर्गात टाळ्या वाजल्या, आणि मी बाहेर जिन्यात बसून रडले.

माझा प्रोजेक्ट म्हणजे आमची वस्ती. राजूरच्या पुढं, शेतात बारा घरं. फोनच्या नकाशात तिथं काहीच दिसत नव्हतं, ना घरं ना रस्ता.

गेल्या वर्षी ताई बाळंतपणाला माहेरी आल्ती. भरदुपारी तिला रक्तस्राव सुरू झाला. अॅम्ब्युलन्सवाला फोनवर सारखा विचारत होता, "मॅडम, वस्ती सापडून न्हाई राह्यली, कुठून वळू?" मी ओरडून सांगत होते, तरी तो भलत्याच शिवारात गेला. गाडी पोचली तेव्हा ताईची शुद्ध गेली होती. बाळ वाचलं. ताई गेली.

म्हणून मी या कोर्सला नाव घातलं. मोबाईल हातात धरून वस्तीचं एकेक वळण पायी फिरले, नोंदवलं. आज ते सगळ्यांच्या फोनच्या नकाशात दिसायला लागलं.

संध्याकाळी घरी येऊन आईला फोनवर वस्ती दाखवली. ताईची लेक आईच्या मांडीवर झोपली होती.

"आता गाडीवाल्याला बराबर सापडंल का?" आईनं विचारलं.

"सापडंल, आई."

"मंग हे आधी का न्हाई केलं गं?"

ती रागानं बोलली नाही. मी झोपलेल्या भाचीच्या अंगावर गोधडी ओढली.

तुमची वस्ती नकाशात दिसते का? आत्ताच बघा. दिसत नसेल तर मला सांगा, मी येऊन टाकून देते.