गाढव होण्याचा मान

सदर इसम वजनमापे खात्यातील सेवानिवृत्त निरीक्षक आहे. उंची मध्यम, बांधा मध्यम, रंग ऋतुमानानुसार. केस तुरळक, मते दाट. सेवाकाळात लाच घेतल्याची नोंद नाही. कोणी देऊ केल्याचीही फारशी नाही, कारण देणाऱ्याला आधी त्याच्याशी बोलावं लागलं असतं. ओळखीची खूण : खिशात गुंडाळलेली मोजपट्टी. व्यसन : पूर्वी नव्हते. सध्या विणकाम.

बाजारात त्याला काटा म्हणत. तराजूचा काटा म्हणून, आणि पायात रुततो तो काटा म्हणूनही. तो दुकानाच्या पायरीवर दिसला की आतला माणूस घाईघाईने वजनं पुसायला घ्यायचा. काट्याने कधी आवाज चढवला नाही. उलट गुन्हा जितका मोठा, तितकी त्याची भाषा मऊ. "आपण जरा बाजूला होता का?" असं तो हळूच म्हणाला की दुकानदाराने समजावं, आता आपलं काही खरं नाही. दंडाच्या पावतीआधी त्याच्या तोंडून 'आपण' यायचंच.

घरी मात्र अरे-तुरे. मुलाला तो गोगलगाय म्हणे, कारण मुलगा बूट घालायला बसला की बाकीच्यांचं जेवण होई. धाकटी मुलगी भोंगा. ती कुजबुजली तरी खालच्या मजल्यावरचे "काय गं?" विचारत. बायकोला एरवी 'अगं', आणि काही बिनसलं की 'मॅडम'.

निवृत्तीनंतर पहिले काही दिवस त्याने घरातल्या वस्तूंची वजनं केली. साबणाच्या वड्या झाल्या, बिस्किटांचे पुडे झाले. एकदा बायको आंघोळ करून बाहेर आली तर काट्यावर टूथपेस्टची ट्यूब होती.

"अहो, ती अर्धी संपलेली आहे."

"किती संपली तेच बघतोय."

त्याच संध्याकाळी तिने कपाटातून आपल्या जुन्या सुया काढल्या आणि लोकरीच्या गुंड्यासकट त्याच्या मांडीवर ठेवल्या. "हे धरा. बोटं गुंतली की माणूस गुंततो." काट्याने आधी गुंडा तोलला. तो छापलेल्या वजनापेक्षा जरा हलका भरला, म्हणून तो उठून लोकरीच्या दुकानात गेला. दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, लोकर आहे. फुंकर मारली तरी वजन बदलतं. तुम्ही आधी एक टोपी विणा, मग भांडायला या."

काटा विणायला बसला तो कायदा वाचावा तसा. सुलट टाका म्हणजे काय, उलट टाका म्हणजे काय, कुठल्या परिस्थितीत कोणता लागू होतो. समजायला वेळ लागला नाही. अडचण हाताची होती. तो लोकर अशी खेचून धरी की टाका सुईवरून सरकेना.

"तुमचा हात घट्ट आहे," बायको म्हणाली.

"हे तू लग्नापासून म्हणतेस."

"तेव्हा पैशाबद्दल म्हणत होते. आता लोकरीबद्दल."

मापात मात्र त्याने कसूर केली नाही. घरातल्या प्रत्येकाला खुर्चीत बसवून डोक्याचा घेर मोजपट्टीने घेतला. गोगलगायीची टोपी मापानुसारच विणली गेली आणि अशी आवळली की काढल्यावर त्याच्या कपाळावर दोन सुलट दोन उलट अशी नक्षी उठे. भोंग्याच्या टोपीच्या वेळी काट्याने ठरवून हात सैल सोडला. ती नाकापर्यंत उतरली. टोपीच्या आतून बोलल्यावर भोंग्याला स्वतःचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला आणि ती दचकली. बायकोचा मफलर शालीसारखा सुरू झाला आणि टायसारखा संपला. मग त्याने एक कानटोपी विणली. तिचा एक कान हनुवटीखाली लोंबत होता आणि दुसरा कानापर्यंत पोचतच नव्हता.

"ही कोणाची?" भोंग्याने विचारलं.

"बघू. कोणाला तरी बसेल."

कोणालाच बसली नाही. पण काट्याने एकही वस्तू उसवली नाही. "घरचंच आहे, चालतंय," असं म्हणून तो पुढचे टाके घालायला घेई, आणि घरचे तेच घालून थंडीत बाहेर पडत. बाजारात बातमी पोचायला वेळ लागला नाही. ज्याने जन्मभर कोणाला गिऱ्हाइकाला टोपी घालू दिली नाही, तो आता स्वतःच घरादाराला टोप्या घालतोय, हा विनोद तिथे निदान पाच जणांना एकाच वेळी सुचला आणि प्रत्येकाला तो स्वतःचाच वाटला.

रविवारी संध्याकाळी या घरात पत्ते खेळले जात. खेळ अगदी साधा. गड्डीतली एक राणी आधीच काढून टाकायची. शेजाऱ्याच्या हातातून न बघता एकेक पत्ता ओढायचा, जोडी लागली की खाली टाकायची. शेवटी बिनजोडीची राणी ज्याच्या हातात उरेल तो गाढव. गाढवाने भांडी घासायची, बेल वाजली तर दार उघडायचं, आणि हे सगळं ती लांबकानी टोपी घालून करायचं. तिचा उपयोग सापडला तो असा. एकदा भोंगा ती घालून दार उघडायला गेली. उद्या पाणी येणार नाही हे सांगायला आलेले शेजारी तिच्याकडे बघतच राहिले आणि काहीही न सांगता परत गेले. दुसऱ्या दिवशी सगळं घर बिनआंघोळीचं कामावर गेलं.

अशा घरात गोगलगायीची बायको आली. ती चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासत असे आणि स्वतःही जाड काचा लावत असे. घराने तिची फार बडदास्त ठेवली. गरम काही आलं की आधी तिच्यापुढे. आरामखुर्ची तिला. पत्त्यांत ती दोन वर्षांत एकदाही गाढव झाली नाही. आणि काटा तिला म्हणे, "सूनबाई, आपण बसा."

दोन वर्षांनी एके दिवशी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या काचेत तिला समोरचा अक्षरांचा तक्ता उलटा दिसला आणि डोक्यात प्रकाश पडला. तिच्या हातातले पत्ते सासूबाई ओढत. राणी तिच्याकडे आली की सासूबाई तिच्या तोंडाकडे मायेने बघत आणि नेमकी राणीच ओढून घेत. ती माया नव्हती. त्या तिच्या चष्म्यात बघत होत्या. किंवा ती मायाही असेल, पण चष्म्यातून.

पुढच्या रविवारी ती चष्मा काढून खेळली. राजा कुठला आणि गुलाम कुठला हे कळेना, त्यामुळे तिने भलत्याच जोड्या टाकल्या. सगळे म्हणाले, "असू दे, असू दे," आणि डाव पुन्हा मांडला.

त्या रात्री जेवणानंतर पाय मोकळे करून परतताना तिने नवऱ्याला जिन्यातच थांबवलं.

"मला तुमच्या घरात अजून एकदाही गाढव केलं नाही."

"लोक याला वाचलो म्हणतात."

"तुझे बाबा तुला काय म्हणतात?"

"गोगलगाय."

"तुझ्या बहिणीला?"

"भोंगा."

"आणि मला?"

त्याने जरा वेळ घेतला. त्याला सगळ्यालाच वेळ लागे. "सूनबाई."

"आणि 'आपण'! दंड करताना लोकांना म्हणायचे ना, तेच. मी काय माप मारलंय तुमचं? मी पाहुणी आहे रे इथे. दोन वर्षं मुक्कामाला आलेली पाहुणी."

"अगं, बाबांना तू आवडतेस म्हणून—"

"मला आवडायचं नाहीये. मला भांडी घासायचीत."

गोगलगायीला बायकोचं हे वाक्य समजलं नाही, पण ते पुन्हा कधी ऐकायला मिळेल याची खात्री नसल्याने त्याने मान डोलावली.

याच सुमारास काट्याने तिची टोपी विणायला घेतली. "आपली हरकत नसेल तर," असं विचारून घेर मोजला. आणि मग या टोपीचं काहीतरी वेगळंच सुरू झालं. अर्धी झाली की तो ती उजेडात धरी, बोटाने टाके चाचपी आणि सगळी उसवून टाकी. संध्याकाळी तिला टोपी वाढताना दिसे, सकाळी नुसता गुंडा. उसवून उसवून लोकरीला लव सुटली, तेव्हा त्याने नवी लोकर आणली.

"बाबा, राहू द्या ना. छान झालीय."

"छे, छे. आपली नीट झाली पाहिजे."

पुढचं कौतुक तिच्यापर्यंत पोचलंच नाही. ती 'आपली' या शब्दालाच अडखळून पडली होती.

टोपी रविवारी पूर्ण झाली. राखाडी, खाली रुंद दुमडलेली पट्टी, वर बरोबर मध्यभागी गोंडा. कुठे आवळलेली नाही, कुठे सैल नाही. तिने घातली तर अगदी मापात बसली.

"बाबा, खरं सांगा," भोंगा म्हणाली, "विकत आणलीत ना?"

गोगलगायीने सगळ्यांना आपापल्या टोप्या-मफलर घालायला लावून फोटो काढला. फोटोत बाकीचे एका घरातले वाटत होते. ती त्यांची तपासणी करायला आल्यासारखी दिसत होती. फोटो बघून ती हसली, पण तोंडानेच.

मग पत्ते वाटले गेले. राणी लवकरच तिच्याकडे आली. तिने डोकं खाजवल्यासारखं केलं आणि राणी टोपीच्या दुमडलेल्या पट्टीत सरकवली. सासूबाई तिच्या चष्म्यात बघत राहिल्या आणि निमूटपणे जे हाताला लागेल ते ओढत राहिल्या. डाव संपत आला. एकेकाचे हात रिकामे झाले. शेवटचाही झाला.

"अरे, गाढव कोण?" भोंगा म्हणाली. "राणी कुठंय?"

तिने सतरंजी उचलून पाहिली. गोगलगायीने आधी एक पाय उचलला, मग विचार करून दुसरा. सासूबाई पुन्हा एकदा सुनेच्या काचांकडे झुकल्या, पण आपण काय शोधतोय हे सांगायची सोय नसल्याने मागे सरकल्या.

काटा टोपीकडे बघत होता. तिचे टाके त्याला तोंडपाठ होते. डाव्या कानावर उलट टाक्यांच्या ओळी फाकल्या होत्या. तो उठला. आवाज अगदी मऊ झाला.

"आपण जरा टोपी काढता का?"

घरातल्या लोकांनी हा आवाज फक्त बाजाराच्या गोष्टींतून ऐकला होता.

"नाही काढणार," सून म्हणाली.

"का बरं?"

"आधी सांगा, पत्ता सापडला तर काय?"

"नियम आहे. पत्ता लपवणारी व्यक्ती गाढव समजली जाते."

"व्यक्ती कोण?"

"म्हणजे... आपण—"

"आपण नको!" तिने पट्टीतून राणी उपसली आणि सतरंजीवर आपटली. "दोन वर्षं आई माझ्या चष्म्यात बघून राणी ओढून घेतायत. मला कोणी हरूच देत नाही. मग काय करू मी?"

काटा बायकोकडे वळला. त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच घरात, दोन वर्षं खोटा काटा चालला होता.

"मॅडम, हे खरं आहे?"

"अहो, नवी मुलगी, म्हटलं कशाला तिला—"

"दोन वर्षं नवी?"

"आई! म्हणून तू सारखी गाढव होतेस होय?" भोंगा ओरडली, आणि खालून कोणीतरी "काय झालं गं?" विचारलं.

काटा पुन्हा सुनेकडे वळला. मऊपणा संपला होता. "आणि तू? तू काय केलंस? मी इथे मर मर मरून ती पट्टी विणली, ती तुला पत्ते लपवायला? आणि लपवायचाच तर मागे लपवावा, कानावर कोण लपवतं? आंधळ्यालाही दिसेल. गाढव कुठली!"

खोली एकदम शांत झाली. काट्याला वाटलं, आपल्या रागाचा दरारा. गोगलगायीला यावेळी लगेच कळलं, आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा चपळाईने उठून लांबकानी टोपी आणली.

"हो बाबा," सून म्हणाली. तिने राखाडी टोपी काढून काट्याच्या हातात दिली आणि दुसरी डोक्यावर चढवली. लांब कान चष्म्यावर आला तो तिने मागे टाकला आणि भांडी गोळा करायला लागली.

"बशी आतून घास," काटा मागून ओरडला. "नुसतं पाणी फिरवू नकोस."

"घासते हो!"

सासूबाईंनी त्याच्या हातातल्या टोपीची ताणलेली पट्टी पाहिली. "आता पुन्हा उसवणार?"

"कशाला? राहू दे."

सदर प्रकरणी दोषी व्यक्तीस रीतसर गाढव घोषित करण्यात आले असून तिने शिक्षा विनातक्रार भोगली. पुढील आदेश होईपर्यंत सासूबाईंस तिच्या शेजारी बसण्यास मनाई करण्यात आली. त्यानंतर प्रत्येक रविवारी तीच गाढव होते. आता कोणी लबाडी करत नाही. तिला पत्ते खेळता येत नाहीत.