वर केलेला हात

मुखवटेवाल्या योद्ध्यांचे आम्ही जुने चाहते धायरीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये जमलो होतो. तुकडे जोडून योद्धा उभा करायचा आणि दर नव्या डब्यासोबत त्यांची गोष्ट पुढे सरकायची, अशी ती खेळणी. कंपनीनं ती कधीच बंद केली. शाळेत असताना आम्ही त्यांना बिनधास्त भिंतीवर आपटायचो. आता प्लॅस्टिक इतकं ठिसूळ झालंय की कोपर जरा वळलं तरी तडकतं.

एक जण कोपऱ्यात बसला होता. मांडीवर बुटांचा खोका, आत कापसात एक हात उगारलेला योद्धा. कुणी जवळून गेलं की तो खोक्यावर तळहात धरायचा.

"अहो, खेळणं आणलंय की अस्थी?" शेजारच्यानं विचारलं. हा हसला नाही.

फोटोसाठी सगळे योद्धे टेबलावर मांडायचे ठरले. तो मला म्हणाला, "तुम्ही ठेवाल का? माझे हात थरथरतात. फक्त त्याचा हात खाली येऊ देऊ नका. खेळताना माझ्या भावानं वर केला होता. त्याच आठवड्यात भाऊ गेला."

मी योद्धा उचलला, पण टेबलापर्यंत जायची हिंमत होईना. मी तो परत कापसात ठेवला.

ठेवताना बारीक 'कट्' असा आवाज आला.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यानं घाईघाईनं झाकण लावलं, आणि मीही ते दाबून धरलं.