बोळातली शिडी

मोजणीदार निवृत्त झाले, पण त्यांचा टेप नोकरीवरच राहिला. चष्मा घरी विसरतील, टेप नाही. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजून त्यांनी भावाभावांत वैर लावलं आणि स्वतः मात्र कुणाचा घोटभर चहाही घेतला नाही. कुणाकडे काही मागायचं नाही, हा त्यांचा बाणा. बायको येईल त्याला सांगायची, "अहो, हे जेवताना मीठसुद्धा मागत नाहीत. ताटाकडे असे बघत बसतात, की शेवटी मीच उठते."

घर जुनं, नऊ इंची भरीव विटांचं. हिवाळ्यात निजायच्या खोलीतल्या बाहेरच्या भिंतीला पाठ लागली, की माणूस दचकून पुढं यायचा. बायकोच्या गुडघ्यांना थंडीची खबर आठ दिवस आधी लागे. यंदा तिनं सांगूनच टाकलं, "ही खोली उबदार झाली नाही, तर मी चार महिने ताईकडे चालले. तिथं हीटर आहे, आणि तिचा नवरा बोलतोही."

मोजणीदारांनी गवंड्याला बोलावलं. त्यानं भिंतीला पालथा हात लावला, नाक जवळ नेलं.

"साहेब, आतून थर्माकोलची जाड शीट लावू, वर जिप्समचा बोर्ड. खोली मस्त होईल. पण ही भिंत ओली आहे. बाहेरची पन्हळ फुटलीय. आधी ती बदलू, मग उन्हाळाभर भिंत वाळू द्या. ओल्या भिंतीला आतून पांघरूण घातलंत, तर ओल आतच कोंडेल आणि सगळं कुजेल."

"मग बदल की पन्हळ."

"शिडी कुठं लावू?"

इथंच घोडं अडलं. भिंतीपलीकडचा बोळ पूर्वी त्यांचा आणि शेजारच्या सायकलवाल्याचा सामाईक होता. बारा वर्षांपूर्वी मोजणीदारांनीच वाद उकरून काढला, स्वतः टेप लावला, आणि त्यांची मोजणी इतकी बिनचूक निघाली, की अख्खा बोळ सायकलवाल्याचा ठरला. हद्द थेट मोजणीदारांच्या गिलाव्याला चिकटली. दुसरा कुणी असता तर टेप जरा ढिला सोडता. यांनी नकाशावर सही ठोकली आणि त्या दिवसापासून सायकलवाल्याशी बोलणं सोडलं.

"पन्हळीचं नंतर बघू," ते म्हणाले. "तू शीट लाव."

"साहेब, उद्या माझ्या नावानं ओरडू नका."

"लाव रे!"

गवंड्यानं शीट लावली, बोर्ड ठोकला, रंग दिला. खोली साडेतीन इंचांनी आखडली, तेवढा एक सल सोडला तर मोजणीदार खूश होते. बायकोनं शाल काढून खुंटीला टांगली. तीन आठवडे मोजणीदार येईल त्याला भिंतीवर टकटक करून दाखवत होते.

चौथ्या आठवड्यात वास सुटला.

"अहो, कपाटामागं काहीतरी मेलंय."

"नव्या बोर्डाचा वास आहे. जाईल."

वास जायचं नाव घेईना. बायकोला खोकला लागला. एके सकाळी तिनं कपाट सरकवलं. खाली काळ्या बुरशीचा हा एवढा पट्टा, आणि बोट लावलं तर बोर्ड भिजल्या बिस्किटासारखा आत गेला. तिनं माळ्यावरून बॅग काढली आणि स्वेटर भरायला लागली. भांडली असती तरी मोजणीदारांना बरं वाटलं असतं.

ते चपला घालून सायकलच्या दुकानात गेले. सायकलवाला घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता.

"हवा आहे का?"

"आहे. भरू कशात? तुमच्याकडं सायकल नाही."

मोजणीदारांनी घसा खाकरला. "बोळात... शिडी लावायची होती. पन्हळ फुटलीय. लावू द्याल का?"

"मोठ्यानं बोला, कॉम्प्रेसर चालू आहे."

"शिडी लावू द्या हो! पाया पडतो!"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. सायकलवाल्यानं हात पुसले. "चार वर्षं ती पन्हळ माझ्या बोळात गळतेय. सहा सायकली गंजल्या."

"मग सांगायचं नाही का?"

"कुणाला? तुम्ही बोलत होता का?"

दुसऱ्या दिवशी गवंड्यानं आधी सगळे बोर्ड उखडले. आतली भिंत घामेजल्यासारखी चमकत होती. "आता उन्हाळा संपेपर्यंत हात लावायचा नाही," असं बजावून तो पन्हळ बदलायला बोळात गेला. खोली पूर्वीपेक्षाही गार पडली.

बायको बॅग घेऊन दारात उभी होती.

"यंदा काही खोली गरम होत नाही," मोजणीदार म्हणाले. "तू जा."

"त्याच्याकडं गेला होतात म्हणे. स्वतःच्या तोंडानं मागितलंत?"

"हो."

"काय म्हणालात?"

"आता ते कशाला?"

"सांगा ना!"

त्यांनी सांगितलं, जमिनीकडे बघत, पाया पडण्यासकट.  बायको बॅग आत ठेवून म्हणाली, "गादी स्वयंपाकघरात घ्या. चार महिने तिथं काढू. चाळीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलंत. आता पुढं काय काय मागताय, ते बघितल्याशिवाय मी हलत नाही."

मोजणीदार गादी उचलतात तोच बोळातून सायकलवाल्याची हाक आली, "ओ मोजणीदार, शिडी धरायला या! एकटा किती वेळ धरू?"