चिंगीचा ट्रे काढणाऱ्या सिस्टर

सिस्टर हात धुवायला लागल्या की बघत राहावंसं वाटायचं. आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, मग नखं, मनगटं आणि शेवटी थेट कोपरापर्यंत साबण. धुऊन झालं की दोन्ही हात वर धरून त्या क्षणभर उभ्या राहायच्या, जणू समोर टेबलावर कुणी अडलेली बाई आहे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी ही सवय सुटली नव्हती. परळच्या एका मोठ्या इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात त्यांनी सगळी नोकरी काढली होती. त्यामुळे भोईवाड्यातल्या आमच्या इमारतीत त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. लहानथोर सगळ्यांच्याच त्या सिस्टर.

आमची इमारत जुनी चाळ पाडून बांधलेली. चाळीतल्या भाडेकरूंना तिथंच घरं मिळाली, त्यातलं तिसऱ्या मजल्यावरचं एक सिस्टरांचं. वरच्या मजल्यांवर आमच्यासारखे, गिरगावातली जागा विकून आलेले. जिना एक, लिफ्ट एक, गणपतीही एकच. तरी सासूबाई सिस्टरांकडे कधी पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. सिस्टरांच्या दारावर बुद्धाची तसबीर होती. कारण सासूबाईंनी कधी सांगितलं नाही, आणि आम्ही कुणी विचारलं नाही. न विचारण्यातच आमच्या घराचा सुसंस्कृतपणा होता.

मी लग्न होऊन आले ती माझी मांजर घेऊन. चिंगी करड्या रंगाची, एक कान चिरलेली, माहेरी माझ्या हातावर वाढलेली. निखिलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिचं काही वाटत नव्हतं. सासूबाईंना वाटायचं, पण त्या गप्प होत्या. मला दिवस गेले आणि त्यांना बोलायला जागा मिळाली. "आता ते मांजर आधी घराबाहेर काढा. पोटातल्या पोराला अपाय होतो. सगळ्या जगाला ठाऊक आहे, हिलाच तेवढं नाही." निखिल मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "बघू." त्याचं 'बघू' म्हणजे आई म्हणेल तसं, हे तोवर मला कळायला लागलं होतं.

मी रडत तिसऱ्या मजल्यावर गेले. सिस्टरांनी आधी मला बसवलं, पाणी दिलं, आणि मग हसल्या. "मांजर सोडायचं कशाला गं? तिची शी सोडायची. तू हात लावायचा नाही, एवढंच." मग त्यांनी मला जे सांगितलं ते इतकं साधं होतं की मला माझ्या रडण्याची लाज वाटली. ज्या जंतूनं पोटातल्या बाळाला अपाय होतो तो मांजराच्या शीतून येतो, पण बाहेर पडल्या पडल्या लागत नाही. लागण्याजोगा व्हायला त्याला निदान एक दिवस जातो. म्हणून तिचा शीचा, मातीचा ट्रे रोज काढायचा, आणि तो दुसऱ्यानं काढायचा. चिंगीला बाहेर हुंदडू द्यायचं नाही, कच्चं मांस-मासळी द्यायची नाही. कुंड्यांच्या मातीत हात घालायचा तर हातमोजे. घरात मटण शिजेल ते पूर्ण शिजलेलं. "आणि कोथिंबीर, पालक तीनदा धू. मांजराला घाबरणाऱ्या बायका न धुतलेली कोथिंबीर वरून भुरभुरवतात आणि वर मला शहाणपण शिकवतात."

डॉक्टरांना सांगून रक्ताची तपासणी करून घे, असंही त्यांनीच सुचवलं. रिपोर्ट निगेटिव्ह आला. मी आनंदानं तो नाचवत खाली गेले, तर सिस्टरांनी चष्मा लावून नीट वाचला आणि परत दिला. "निगेटिव्ह म्हणजे नाचायचं नाही, पोरी. तुझ्या अंगाला हा जंतू अजून कधी भेटलेला नाही, असा याचा अर्थ. म्हणजे तुला जास्त जपायला हवं." आमच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी हेच, पण अर्ध्या मिनिटात आणि इंग्रजीत सांगितलं.

ट्रे काढायचं काम निखिलकडे आलं. सिस्टरांनी त्याला लिफ्टमध्ये गाठून बजावलं होतं, "नऊ महिने तुझे. ती पोटात वाढवते, तू एवढं कर." चार दिवस त्यानं नाक दाबून केलं. पाचव्या दिवशी विसरला, सहाव्या दिवशी मीटिंग होती. सातव्या दिवशी मी हातमोजे शोधत होते तेवढ्यात बेल वाजली. दारात सिस्टर. हातात जुनी पिशवी, तोंडाला मास्क. "बाजूला हो," म्हणाल्या आणि सरळ बाल्कनीत गेल्या.

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता त्या यायच्या. गुडघा दुखायचा म्हणून खाली बसताना भिंतीला हात लावायच्या. ट्रे रिकामा करायचा, उकळतं पाणी ओतून धुवायचा, ताजी माती घालायची, पिशवीला दोन गाठी मारायच्या. चिंगी त्यांच्या पाठीला डोकं घासत राहायची. चहा दिला तर म्हणायच्या, "घरी ठेवून आलेय." एकदा मी आग्रह केला तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेनं नुसतं बघितलं. तिथं सासूबाई उभ्या होत्या. त्यानंतर मी आग्रह केला नाही.

एका सकाळी सासूबाईंची बहीण आलेली होती. बाल्कनीत कोण, असं तिनं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "खालची. मांजराचं काढायला येते. त्यांना सवय असते अशा कामांची." आवाज बारीक करण्याची तसदी त्यांनी घेतली नाही. मी टेबलाशी बसून होते. बशीतलं सफरचंद मी नीट बारीक कापत राहिले.

सिस्टर हात धुऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, "सवय आहेच, वहिनी. तुमच्यासारख्यांच्या किती पोरांनी जन्मल्या जन्मल्या या हातांवर शी केली, मोजलं नाही मी. तेव्हा कुणी जात विचारली नव्हती, कळा येत होत्या ना." आणि माझ्याकडे वळून, "आज लोहाची गोळी घेतलीस का?" मी मान हलवली. वाटलं होतं, उद्या येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी सात वाजता बेल वाजली.

चौथा महिना लागला आणि तपासणीत बाळाच्या हृदयाचे ठोके सापडेनात. पुढचे दोन दिवस मी सांगू शकत नाही. डॉक्टर भले होते. रक्त पुन्हा तपासलं, तेही निगेटिव्ह. निखिल आणि सासूबाई दोघांना समोर बसवून त्यांनी स्पष्ट सांगितलं, "मांजराचा काही संबंध नाही. पुष्कळदा गर्भातच दोष असतो. कुणी काही केलं म्हणून किंवा केलं नाही म्हणून हे झालेलं नाही." सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. इस्पितळाच्या पायऱ्या उतरताना म्हणाल्या, "डॉक्टर काय, बोलणारच."

मी घरी आले तर चिंगी नव्हती. ट्रेही नव्हता, बाल्कनी फिनेलनं धुतलेली. "कॉटन ग्रीनला सोडली," निखिल म्हणाला. "गोदामं आहेत तिकडे. उंदीर भरपूर, मजेत राहील." त्याच्या हातावर तीन लांब ओरखडे होते. मी त्याच्याशी भांडले का? नाही. मी भिंतीकडे तोंड करून झोपले. दुःख एवढं होतं की त्यात हेही बुडून गेलं, असं मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगत असे. ते खरं नाही. भांडायला लागणारी हिंमत माझ्यात नव्हती, आणि दुःखाचं निमित्त आयतं होतं.

सिस्टरांना कळलं तशा त्या रोज दुपारी कॉटन ग्रीनला जायला लागल्या. सुक्या बोंबलांची पुडी घेऊन गोदामांच्या मधल्या गल्ल्यांतून, दुखऱ्या गुडघ्यानं, "चिंगी, चिंगी" करत. हमाल हसायचे म्हणे. नवव्या दिवशी एका ट्रकखाली चिंगी सापडली. हाडं दिसत होती, मागचा पाय सुजला होता. सिस्टरांनी तिला पदरात गुंडाळून टॅक्सीनं आणलं, पशुवैद्याकडे नेलं आणि आपल्या घरात ठेवलं. मला निरोप पाठवला, "आहे. खाते आहे. तुला वाटेल तेव्हा ये."

मी गेले नाही. सासूबाईंनी मात्र सिस्टरांच्या खिडकीत चिंगीला पाहिलं. "आमच्या घरातून काढलेली अवदसा मुद्दाम खाली आणून ठेवली," असं त्या चार मजल्यांवर सांगत फिरल्या. सोसायटीच्या कमिटीला पत्र गेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या रहिवासी आजारी मांजर पाळतात, त्यापासून रोग पसरतो, इमारतीतल्या एका गर्भवतीचं त्यामुळे नुकसान झालं आहे, सबब बंदोबस्त करावा. निखिलनं ते पत्र माझ्यासमोर ठेवलं. "तुझी सही असली की विषय संपेल. आईला पण जरा बरं वाटेल." त्यातली गर्भवती मी होते. दोन्ही रिपोर्ट माझ्या कपाटात होते. मी सही केली.

दोन दिवसांनी दुपारी बेल वाजली. घरात मी एकटीच होते. सिस्टरांच्या हातात त्या पत्राची प्रत होती. त्या आत आल्या नाहीत.

"दुसरा रिपोर्ट काय आला होता?"

"निगेटिव्ह."

"मग चिंगीनं काय केलं?"

"काही नाही."

"ही सही कुणाची?"

"माझी."

त्यांनी कागदाची घडी घातली. आवाज चढला नव्हता. "वॉर्डात मी खूप बघितलं. पोर गेलं की बाई कुणालाही दोष देते. नवऱ्याला, डॉक्टरला, मला पण शिव्या दिल्यात बायकांनी. मी मनावर नाही घेतलं कधी. त्यांना ठाऊक नसायचं. तुला ठाऊक होतं."

मी म्हटलं, "सिस्टर, घरात माझं कुणी ऐकत नाही."

"तू बोललीस कधी?"

जिन्याचा कठडा धरून, एकेक पायरी उतरत त्या गेल्या.

कायद्यानं त्यांना कुणी काही करू शकलं नसतं. हे त्यांना माहीत होतं, कमिटीलाही माहीत होतं. पण लिफ्टमध्ये त्या आल्या की लोक बाहेर पडायला लागले. कुणीतरी त्यांच्या दारापुढे रोज फिनेल ओतायला लागलं. महिनाभरात त्यांनी घर भाड्यानं दिलं आणि चिंगीला घेऊन अँटॉप हिलला भाचीकडे राहायला गेल्या. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मी खिडकीत पडद्यामागे होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

दीड वर्षानं मला मुलगी झाली. सासूबाईंनी पेढे वाटताना प्रत्येक दारात सांगितलं, "मांजर गेलं आणि बघा, सगळं सुरळीत झालं." मी त्यांच्या शेजारी उभी होते, हातात पेढ्यांचा डबा धरून. त्या संपूर्ण गरोदरपणात कोथिंबीर मी तीनदा धूत होते. कुणी शिकवलं ते कुणाला सांगितलं नाही.

मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी सिस्टर गेल्याचं खालच्या वॉचमनकडून कळलं. अँटॉप हिलच्या वसाहतीतल्या एका छोट्या हॉलमध्ये पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. मी एकटी गेले. पांढऱ्या साड्यांतल्या पुष्कळ बायका जमल्या होत्या. पुढे बुद्धाच्या मूर्तीशेजारी सिस्टरांचा तरुणपणीचा फोटो, गणवेशातला. खाली नाव लिहिलं होतं, शकुंतला. इतक्या वर्षांत ते मी प्रथमच वाचत होते. वंदना झाली, मग एकेक बाई उठून बोलायला लागली. कुणाचं मूल उलटं होतं, कुणाजवळ रात्रभर बसल्या, कुणाला नवऱ्यानं टाकलं तेव्हा स्वतःचा डबा दिला.

भाची माझ्याजवळ आली. "तुम्ही भोईवाड्यातून आलात ना? तिकडचं कुणीच आलेलं नाही. मावशी तिकडचं कधी काही बोलल्या नाहीत. तुम्ही दोन शब्द बोला ना."

मी उठले. समोरचे सगळे चेहरे माझ्याकडे वळले होते. मनात सगळी वाक्यं तयार होती. कितीतरी वर्षं तयार होती. माइक हातात घेतला आणि म्हणाले, "सिस्टर स्वभावानं फार चांगल्या होत्या. आमच्या इमारतीला त्यांची नेहमी आठवण येते." आणि खाली बसले. बायकांनी हात जोडले. भाचीनं डोळे पुसले, मला चहाचा कप आणून दिला, आणि तो मी प्यायले.

बाहेर टॅक्सीत बसले तेवढ्यात निखिलचा फोन आला. "कुठे आहेस? आई विचारतेय."

"एक ओळखीच्या बाई गेल्या," मी म्हटलं. "तू ओळखत नाहीस."