घाटातले चार सेकंद

गाडीच्या बॉनेटखाली चकचकीत पाईप आणि जाळीचा भोंगा बसवला की गाडी खरंच जास्त पळते का, असं मला अजूनही कुणी ना कुणी विचारतं. मला गाडी चालवता येत नाही. इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. मी मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होते आणि माझ्या गळ्यात स्टॉपवॉच असायचं, एवढाच माझा या विषयाशी संबंध. पण तेवढ्यापायी माझे वर्षभराचे रविवार गेले आणि वर मी खोटंही वागले. तेव्हा उत्तर द्यायचा अधिकार मला आहे, असं मी धरून चालते.

आमचं घर कोल्हापुरात, कसबा बावड्यात. नवरा उद्यमनगरातल्या एका लोखंड ओतायच्या फौंड्रीत मशीनशॉपचा सुपरवायझर. दोन मुलं, सासूबाई, आणि नवं शतक लागता लागता घेतलेली एक सेकंडहँड छोटी पेट्रोल गाडी. गाडी दारात आली तेव्हा मला वाटलं, चला, पौर्णिमेला नृसिंहवाडीला जायची सोय झाली. ह्यांच्या डोक्यात वेगळंच होतं. रद्दीच्या दुकानात ह्यांना एक इंग्रजी मासिक सापडलं होतं, आणि त्यात इंजिनाला बाहेरची गार हवा पुरवणाऱ्या पाईपचा फोटो होता. कोल्हापूरच्या माणसाला कुठल्याही वस्तूचा फोटो दाखवू नये. तो आधी "ह्यात काय हाय?" म्हणतो आणि मग उद्यमनगरात जाऊन ती करून आणतो.

ह्यांनीही आणली. ॲल्युमिनियमचा पाईप वाकवून घेतला, पुण्याहून शंकूसारखा फिल्टर मागवला, आणि गाडीबरोबर आलेला काळा प्लास्टिकचा फिल्टरचा डबा काढून डिकीत टाकला. गल्लीतली पोरं त्या नव्या प्रकाराला भोंगाच म्हणायची. "गार हवा जड असती," जेवताना हे मला समजावून सांगत होते. "जेवढी जास्त हवा आत, तेवढं पेट्रोल झकास जळतंय. पिकअप वाढलाच पायजे." मी भाकरी थापता थापता म्हटलं, "मग पळवून बघा की." मला तो विषय संपवायचा होता.

पळवून बघायचं तर मोजायला हवं, आणि मोजणारी घरातच होती. जिल्ह्याच्या स्पर्धांना शेवटच्या रेषेवर मी घड्याळ घेऊन उभी असायची. एकदा एका बड्या पालकांनी आपल्या मुलीची वेळ जरा सावरून घ्या म्हणून निरोप पाठवला होता. मी तो निरोप माईकवरून सगळ्यांना ऐकवला. तेव्हापासून मैदानावर कुणाचा वाद झाला की लोक म्हणायचे, बाईंच्या घड्याळात काय आलंय ते सांगा. मला त्याचा फार अभिमान होता. घरातलं काही माझ्या मनासारखं नव्हतं, पण माझा अंगठा माझा होता.

मग दर रविवारी सकाळी सहाला आम्ही पन्हाळ्याच्या रस्त्याला लागायचो. वाघबिळाच्या फाट्यावरून निघायचं आणि घाट चढून वरच्या नाक्याच्या अलीकडे एक जांभळाचं झाड होतं, तिथपर्यंतची वेळ घ्यायची. वाटेत दुधाचा टेम्पो किंवा एस.टी. आडवी आली की ती फेरी बाद. मग खाली यायचं, पुन्हा वर. वळणांवर मला गाडी लागायची. आठवडाभर उन्हात दीडशे मुलींमागे ओरडून घसा बसलेला असायचा, पायांच्या पोटऱ्या दगड झालेल्या असायच्या, आणि रविवारी मी लिंबू हुंगत घाटात वर-खाली करत असायची. वेळ तीच यायची. जुन्या डब्याला जेवढी, भोंग्याला तेवढीच. कधी एक सेकंद इकडे, कधी तिकडे. "काहीतरी चुकतंय बघ," हे म्हणायचे आणि पाईपच्या क्लिपा आवळायचे.

चौथ्या रविवारी पाचवी फेरी चालू होती, भोंग्याची. ऊन वर आलं होतं. घरी सासूबाई मटण आणून वाट बघत असणार, मी गेल्याशिवाय वाटण होणार नाही, धाकट्याचा शाळेचा गणवेश भिजत घातलेला. ह्यांनी निघतानाच सांगितलं होतं, "फरक पडला की लगेच घरी." जांभळाच्या अलीकडे एक वळण आहे. त्या वळणावरच मी अंगठा दाबला. ह्यांचं लक्ष रस्त्यावर होतं.

"किती?"

मी घड्याळ पुढं केलं. चार सेकंद कमी.

ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून हसले. लग्नानंतर एवढं खूश झालेलं मी ह्यांना पाहिलं नव्हतं. साडेनऊला आम्ही घरी होतो. दुपारी मी दोन तास झोपले.

एकदा दिलेले चार सेकंद परत मागता येत नाहीत. पुढच्या वेळी भोंगा असला की वळणावर, डबा असला की झाडापाशी, असा माझा अंगठा आपोआप चालायला लागला. ह्यांनी फौंड्रीतल्या मित्रांना सांगितलं. तिघाचौघांनी तसलेच पाईप करून घेतले. त्यांतले एक भावोजी घरी येऊन म्हणाले, "वहिनी, आवाज लई भारी येतोय, पर पिकअप तेवढाच वाटतोय मला." ह्यांनीच त्यांना गप्प केलं. "वाटतंय काय? बाईनं घड्याळ लावलंय. ती पोटच्या पोरीला सेकंद सोडायची न्हाय." भावोजी माझ्याकडे बघून हसले आणि मी चहा टाकायला उठले. खरं तर भोंग्याचं सगळं काम आवाजच करत होता. इंजिन मोठ्यानं ओरडलं की बसलेल्याला गाडी सुसाट वाटते.

वर्षभरानं एका शनिवारी ह्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. नोकरीचा राजीनामा. उद्यमनगरात शेड बघितली होती, पाईप वाकवायचं मशीन बघितलं होतं. "सोमवारी देतोय," म्हणाले. "आता गिऱ्हाईक येतंय, तवर हात धुऊन घ्यायचा." पंधरा वर्षांची पक्की नोकरी माझ्या अंगठ्याच्या जिवावर सोडायला निघाले होते. मी कागद वाचला, घडी केली आणि परत दिला.

"उद्या एकदा घाटात जाऊन येऊ," मी म्हटलं.

हे चकित झाले. वर्षभरात मी होऊन कधी चला म्हटलं नव्हतं.

त्या रविवारी मी सहा फेऱ्या करायला लावल्या. तीन भोंग्याच्या, तीन डब्याच्या, आळीपाळीनं. दर वेळी हे रस्त्याच्या कडेला पाना घेऊन बदलाबदली करत होते, मी शेजारी दगडावर बसून होते. सहाच्या सहा वेळा मी जांभळापाशीच अंगठा दाबला. सगळे आकडे हातावर पेनानं लिहिले आणि हात ह्यांच्यासमोर धरला. डबा आणि भोंगा एका जोडीत सारखे होते. बाकीच्या दोन जोड्यांत भोंगा सेकंदभर मागेच होता.

"आज तुझा अंगठा जाग्यावर न्हाय," हे म्हणाले.

"आजच जाग्यावर आहे," मी म्हटलं. आणि वळणाचं सगळं सांगून टाकलं.

बॉनेट उघडंच होतं. शेवटची फेरी डब्याची होती, म्हणून कडेला काढून ठेवलेला भोंग्याचा फिल्टर ह्यांनी उचलला आणि तो जिथं बसायचा तिथं, रेडिएटरच्या मागे, रिकाम्या जागेत हात घातला. लगेच काढला. तिथली हवा भट्टीसारखी तापलेली होती. फौंड्रीत पंधरा वर्षं काढलेल्या माणसानं गार हवेच्या पाईपचं तोंड त्या तापलेल्या जागी सोडलं होतं आणि वर्षभर एकदाही हात लावून बघितलं नव्हतं. बघायची गरजच काय, बाईचं घड्याळ होतं की.

मग ह्यांनी भोंगा डिकीत टाकला आणि आम्ही निघालो. राजीनामा काही दिला नाही. भावोजींना आणि बाकीच्यांना ह्यांनी स्वतः जाऊन सांगितलं, माझं नाव न घेता. पण ते नंतर. त्या दिवशी आम्ही घाट उतरलो. केर्ली गाव मागे पडल्यावर ह्यांनी विचारलं,

"पयल्यांदा का दाबलंस?"

"घरी जायचं होतं मला. दमले होते."

हे रस्त्याकडे बघत होते. आवाजात राग नव्हता.

"मग तसं म्हणायचं की."

मी खूप आठवून बघितलं. मैदानावर मी रोज मुलींना बजावायची, दम लागला तर लपवू नका, हात वर करा आणि खाली बसा. घरात मी हात वर केल्याचं एकदाही आठवेना. बावडा येईपर्यंत मी आठवतच होते.